दिवाळीच्या भेटीसाठी घरच्या कुकीज: खोका, बरणी, पोटली की पुडा?

रवाळ
यंदा दिवाळीत फराळाच्या ताटाऐवजी घरी भाजलेल्या कुकीज द्यायच्या आहेत. एकूण २४ घरं. १८ इथेच ठाण्यात, ६ नागपूरला कुरियरने. प्रकार चार: तुपाची नानकटाई, नाचणी-गूळ, चॉकलेट चिप आणि मध्ये जॅम भरलेली. प्रत्येक घरी साधारण ३०० ग्रॅम.
बाजारातले तयार चकचकीत खोके नको आहेत. हाताने केलेलं, पुन्हा वापरता येईल असं किंवा निदान कचऱ्यात सहज जिरेल असं काही सुचवा. दिसायला सुरेख हवं, पण चार दिवसांनी उघडल्यावर कुकी कुरकुरीत निघाली पाहिजे. मापं दिलीत तर फार बरं होईल.

जाळीवर_गार
खोक्याचा विचार थोडा बाजूला ठेवा, आधी कुकीचा करू. बाहेरचं वेष्टन शोभेचं असतं. कुकी टिकते ती आतल्या थरामुळे आणि भरण्याच्या वेळेमुळे.

पहिली गोष्ट, पूर्ण गार होणं. ओव्हनमधून काढल्यावर १० मिनिटं ट्रेवरच ठेवा, मग तारेच्या जाळीवर किमान दीड ते दोन तास. वरून गार लागते म्हणून भरू नका, नानकटाईसारख्या जाड कुकीचा गाभा बराच वेळ कोमट असतो. ती बंद डब्यात गेली की वाफ झाकणाला लागते, थेंब होऊन खाली येते आणि सगळा थर सादळतो. त्याच वेळी दुसरी चूकही टाळा: गार होण्यासाठी रात्रभर उघडं ठेवणं. ठाण्या-मुंबईच्या हवेत उघडी कुकी ओलावा ओढते. दोन तास जाळीवर, मग लगेच हवाबंद डब्यात. भेटीचं बांधकाम दुसऱ्या दिवशी करा.

दुसरी गोष्ट, तुमचे चार प्रकार एकाच कप्प्यात राहू शकत नाहीत. ओलावा जिथे जास्त तिथून कमी असलेल्या जागी जातो. जॅमवाली कुकी ओली, नानकटाई कोरडी. एका डब्यात दोन दिवस ठेवल्यात तर नानकटाई मऊ पडेल आणि जॅमवालीची कड वातड होईल. वास हा वेगळा विषय, वेलची आणि चॉकलेट एकमेकांत मिसळतात.

माझ्या मते जॅमवाली या यादीतून काढाच. ती तीन-चार दिवसांत खाऊन संपवायची वस्तू आहे आणि दिवाळीत प्रत्येक घरी आधीच चार डबे उघडे असतात. नानकटाई हवाबंद राहिली तर १५ ते २० दिवस छान राहते, चॉकलेट चिप ७ ते १० दिवस.

नाचणी-गुळाची कुकी गुळामुळेच हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे ती प्रत्येक घरासाठी स्वतंत्र पाकिटात बंद करा. भाजताना १६० अंशांवर नेहमीपेक्षा तीन-चार मिनिटं जास्त द्या. ओव्हन बंद केल्यावर दार बोटभर उघडं ठेवून आणखी १० मिनिटं आत राहू द्या. गाभा कोरडा होतो, कड करपत नाही.

पुठ्ठापेटी
वरच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. आता खोक्याची मापं.

नानकटाई ४.५ सेंमी व्यासाची, १.८ सेंमी उंच आणि १८ ग्रॅमची धरू. ३०० ग्रॅमला १६-१७ नग लागतात, १८ धरा. ३ × ३ चा एक थर, असे दोन थर. त्याला १५ × १५ × ५ सेंमीचा खोका नेमका बसतो: दोन थरांची उंची ३.६, मध्ये बटर पेपर, वर आणि खाली चुरगळलेल्या पातळ कागदाची गादी. झाकण लावल्यावर खोका कानाशी हलवा. आतून आवाज आला तर गादी कमी पडली आहे.

हाताने करायचा असेल तर एका चौरस कागदाची, गोंद न लागणारी जपानी घडीची पेटी सगळ्यात सोपी. गणित लक्षात ठेवा: पेटीची बाजू कागदाच्या बाजूच्या ०.३५ पट होते आणि उंची त्या बाजूच्या निम्मी. ३० सेंमी कागदाची पेटी १०.६ सेंमीची, म्हणजे एका थरात चारच नानकटाया. ३०० ग्रॅमसाठी ४० सेंमीचा चौरस घ्या. पेटी १४ सेंमीची, उंची ७ सेंमी. दोन थर बसतात आणि गादीला जागा उरते. झाकणाचा कागद ८ मिमी मोठा कापला की झाकण ३ मिमी मोठं होतं आणि अलगद बसतं. तेवढ्याच मापाचा कापलात तर झाकण बसणारच नाही.

घडी अशी. कागदाची उलटी बाजू वर. दोन्ही कर्णांवर घडी घालून उघडा, मध्य मिळेल. चारही कोपरे मध्याला आणा. आता वरची आणि खालची कड मधल्या रेषेवर आणून दाबा, उघडा. डाव्या-उजव्या कडांचंही तसंच. मग समोरासमोरचे दोन कोपरे पूर्ण उघडा, उरलेले दोन मध्यातच राहू द्या. त्या दोन बाजू उभ्या केल्या की दोन भिंती झाल्या. उघडलेलं टोक उचलताना कोपऱ्यातली तिरकी घडी आपोआप आत वळते. ते टोक भिंतीवरून आत घेऊन तळाशी बसवा. दुसऱ्या टोकाचं तसंच.

कागद १२० ते १५० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन तेवढे ग्रॅम). २०० च्या वर गेलात तर घडीवर चिरतो. रंग उडून पांढरी रेघ दिसते ती यामुळेच. जाड कागद वापरायचाच असेल तर प्रत्येक रेघ आधी रिकाम्या रिफीलने पट्टीच्या आधाराने आखून घ्या, मग दुमडा. दुकानातल्या २२ × २८ इंचांच्या कार्डशीटमधून ४० सेंमीचा एकच चौरस निघतो, त्यामुळे एका पेटीला दोन शीट लागतात हे खरेदीच्या वेळी लक्षात असू द्या. उरलेल्या पट्ट्यांच्या चिठ्ठ्या होतात.

पुण्यात असाल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतले कागद बघाच. चिंध्यांपासून केलेला हातकागद घडीला मऊ असतो आणि सहसा चिरत नाही. बाकी खोके, फिती वगैरेंना पुण्यात बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीट.

चांदवा
छान माहिती. तूप झिरपून खोक्याच्या तळाला डाग पडतात त्याचं काय? तपकिरी कागदावर तर लगेच दिसतात. आत जुन्या मासिकांचे रंगीत कागद लावले तर चालतील का? दिसतातही सुंदर.

जाळीवर_गार
मासिक, वर्तमानपत्र, छापील कॅलेंडर यातलं काहीही अन्नाला लागता कामा नये. शाईतले घटक तुपात उतरतात आणि कुकी तर तुपानेच भरलेली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी अन्न बांधायला वर्तमानपत्र वापरायला मनाई केली आहे. घरगुती भेटीलाही हाच दंडक लावा. बाहेरून मासिकाचा कागद गुंडाळायला हरकत नाही, पण आत आणि बाहेर यांमध्ये एक अखंड थर हवा.

डागांसाठी: तळाला बटर पेपरचा एक तुकडा टाकून भागत नाही, तूप कडेने झिरपतं. खोक्याच्या मापाचा पाळणा करा. १५ × १५ × ५ च्या खोक्याला २५ सेंमीचा चौरस लागतो: तळ १५ आणि दोन्हीकडच्या भिंती ५-५. कोपऱ्यांना ५ सेंमीची चीर देऊन आत दुमडा. भिंतीपर्यंत कागद आला की डाग बाहेर येत नाही. आणि पाकिटावर तेलरोधक लिहिलेलाच घ्या. बटर पेपर म्हणून नुसता अर्धपारदर्शक चित्रकलेचा कागदही विकला जातो, तो तूप पितो. ओळखायला त्यावर तुपाचा थेंब ठेवून १० मिनिटांनी मागची बाजू बघा.

सुतळीचा_तोडा
तयार झालेल्या खोक्याला बाहेरून प्लास्टिकची पातळ फिल्म ताणून गुंडाळण्याची पद्धत आहे, ती टाळा. मिठाईच्या खोक्याभोवतीची फिल्म १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असलेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या यादीत आहे. महाराष्ट्रात त्याआधीच मार्च २०१८ पासून स्वतंत्र निर्बंध आहेत.

आपण ज्याला सरसकट जिलेटीन पेपर म्हणतो त्यात दोन वेगळ्या वस्तू असतात. खरा सेलोफेन लाकडाच्या लगद्यापासून होतो. त्याचा तुकडा जाळला तर कागदासारखा जळून राख होते. बाजारात बहुतेक वेळा मिळतो तो बीओपीपी, म्हणजे प्लास्टिक. तो वितळून गोळा होतो. विकत घेताना विचारून घ्या.

बांधायला सुतळी किंवा सुती दोरा. १५ × १५ × ५ च्या खोक्याला आडवा-उभा फेरा ८० सेंमी, वर गाठीला ५० ते ६०. म्हणजे दर खोक्याला १.४ मीटर, २४ खोक्यांना ३४ मीटर. १० मीटरच्या चार गुंड्या घ्या. सुतळीचे तंतू सुटतात, म्हणून ती झाकणाच्या फटीवरून जाऊ देऊ नका.
बाहेरून कागद गुंडाळायचा असेल तर ४३ × २३ सेंमीचा तुकडा. ४० हा भोवतालचा फेरा, ३ चढ, आणि दोन्ही टोकांना ४-४ दुमडायला. टोकाला याहून जास्त सोडलात तर कोपऱ्यात जाड गठ्ठा होतो.

काचबरणी
पुन्हा वापरायचं म्हणताय तर बरणीसारखं काही नाही. मात्र क्रम उलटा ठेवा: आधी बरणी ठरवा, मग कुकीचा साचा. बरणीच्या तोंडाचा आतला व्यास कुकीपेक्षा निदान ५ मिमी जास्त हवा, नाहीतर कडा घासून वर भुगा जमतो. भाजताना कुकी पसरते तेही धरा. चॉकलेट चिपचा ४ सेंमीचा गोळा सहज ६ सेंमी होतो.

लोणच्या-जॅमच्या जुन्या बरण्या चालतात, झाकणं चालत नाहीत. झाकणाच्या आतल्या रबरी थरात वास मुरलेला असतो आणि तुपाची कुकी तो दोन दिवसांत उचलते. नवीन झाकणं घ्या. काच धुऊन पूर्ण पुसा, थंड ओव्हनमध्ये ठेवून १०० अंशांवर १० मिनिटं कोरडी करा, आतच गार होऊ द्या. आट्यांमध्ये राहिलेलं पाणी डोळ्यांना दिसत नाही.
भरताना तळाला चुरगळलेला बटर पेपर, मग कुकीज आडव्या एकावर एक. वर जागा उरली तर पुन्हा कागद. काच पारदर्शक असल्यामुळे उजेडात तूप लवकर खवट होतं. भोवती हातकागदाची १० सेंमीची पट्टी लावा, शोभाही येते आणि सावलीही मिळते.

रवाळ
किती उपयोगी! जॅमवाली रद्द केली. बरण्या ठाण्यातल्या जवळच्या सहा घरांना देईन, बाकी खोके.
दोन शंका. एक, खणाच्या कापडाची पोटली करायची फार इच्छा आहे. दोन, सोबत उटणं आणि पणत्या ठेवायच्या आहेत, म्हणजे दिवाळीची पूर्ण भेट होईल.

बांबूची_परडी
खणाची पोटली सुंदर दिसते, पण ती भांडं नाही, अंगरखा आहे. आत कुकीज पाकिटात बंद हव्यात. कापड थेट लागलं तर तूप चढतं, खणाचा रंग ओल्या तुपाला लागू शकतो, आणि पोटली उचलली की दाबाने सगळ्यांचा चुरा होतो.
पोटलीत घट्ट तळ द्या: १२ सेंमी व्यासाची पुठ्ठ्याची चकती. त्यावर कुकीजचं उभं पाकीट. कापड ४५ सेंमीचा चौरस, काठ पोटलीच्या तोंडाशी येईल असा कापा. नवीन खण आधी एकदा गार पाण्यातून काढून वाळवा, खळ निघते आणि रंग सुटतो का ते कळतं.

पाकीट करायला: ५ सेंमी व्यासाच्या, ८ मिमी जाडीच्या आठ सपाट कुकीज एकावर एक ठेवल्या की ६.४ सेंमीची नळी होते. बटर पेपरचा तुकडा १८ × २० सेंमी. १८ ची बाजू भोवती गुंडाळा, २ सेंमी चढ येतो. दोन्हीकडे उरलेलं टोक चॉकलेटसारखं पिळून दोऱ्याने बांधा. पोटलीत अशा दोन-तीन नळ्या उभ्या बसतात. एवढं करूनही बटर पेपर हवा पूर्ण अडवत नाही, म्हणून हा प्रकार आज दिला-उद्या खाल्ला अशा घरांसाठीच. नाचणी-गुळाला नकोच.

नानकटाईला नळी जमत नाही, वरचा घुमट सरकतो. तिला परडी द्या. बुरुडांकडे १५-१६ सेंमीच्या बांबूच्या परड्या मिळतात. घेताना आत हात फिरवून कुसळं बघा, दोन दिवस उन्हात वाळवा. ओल्या बांबूला कुबट वास येतो आणि बंद पाकिटात बुरशीही धरते.

गोंयचो_फुर्न
ताटाची पद्धत अजून जिवंत आहे म्हणून एक भर घालते. गोव्यात नाताळला शेजारी ताट पाठवतात: नेवऱ्या, कुलकुलं, दोदोल, बेबिंका आणि सोबत बिस्किटं, वर क्रोशाचा रुमाल. त्यात दोदोल, बेबिंका ओले आणि बाकीचं कोरडं. म्हणून ओल्या वड्या वेगळ्या कागदात गुंडाळून ताटाच्या एका कडेला ठेवायच्या, कुलकुलं द्रोणात आणि बिस्किटं मध्ये. ताट पाठवायच्या अर्धा तास आधीच लावायचं. आदल्या रात्री लावलेलं ताट सकाळी मऊ पडतं.
द्रोण पळसाच्या पानांचे घ्या किंवा पोफळीच्या विरीचे, म्हणजे सुपारीच्या झावळीच्या बुडाशी असलेल्या रुंद सालीचे. विरीचे ताठ असतात, आकार धरतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांना पाठवणार असाल तर विरीची भांडी नकोत, तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) २०२५ मध्ये अन्नासाठी ती वापरण्याविरुद्ध सूचना काढली आहे.

जाळीवर_गार
रवाळ, उटण्याबद्दल: एकाच खोक्यात ठेवूच नका. तूप आणि लोणी वास ओढून घेतात. कापूरकाचरी, वाळा, सुगंधी मेणबत्ती, अगरबत्ती, साबण यातलं काहीही बंद खोक्यात रात्रभर राहिलं की नानकटाईला उटण्याची चव येते आणि ती जात नाही. उटणं स्वतंत्र काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून वेगळ्या पिशवीत द्या. कोरी मातीची पणती चालेल, पण पाण्यात भिजवलेली असेल तर पूर्ण वाळवून. झेंडूचं फूल खोक्यावर बाहेरून बांधा, आत नको. ते रात्रभर पाणी सोडतं.

पुठ्ठापेटी
नागपूरच्या सहांबद्दल कोणी बोललं नाही अजून.

नानकटाई कुरियरला नाजूक. तूप पिठाच्या वजनाच्या ७५ टक्क्यांवर असेल तर ती हातातच फुटते. कुरियरच्या घाण्याला ६० टक्क्यांच्या आसपास ठेवा, आकार लहान आणि जाड ठेवा. भरताना दोन नानकटायांचे सपाट तळ एकमेकांना लावून जोडी करा, जोडी कागदात गुंडाळा. चॉकलेट चिपसारख्या सपाट कुकीज नाण्यांच्या चळतीसारख्या कडेवर उभ्या ठेवा. आडव्या थरात वरचा भार खालच्यांच्या पोटावर येतो, उभ्या ठेवल्या तर कडेवर येतो आणि कड जास्त सोसते.

आतला खोका गच्च. बाहेरचा प्रत्येक बाजूने ५ सेंमी मोठा, म्हणजे १५ × १५ × ५ ला २५ × २५ × १५ चा, नालीदार पुठ्ठ्याचा, ५ प्लाय म्हणजे पाच थरांचा. मधल्या जागेत चुरगळलेला तपकिरी कागद, दाबून. फक्त तळाला आणि वर भरून कडा मोकळ्या सोडणं ही नेहमीची चूक. खोका आडवा पडला की आतला घसरून भिंतीवर आपटतो.
सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा, म्हणजे रविवारी गोदामात पडून राहणार नाही. दिवाळीच्या आधीचा आठवडा टाळून त्याच्या आधीचा धरा. चॉकलेटमध्ये बुडवलेलं काही या खोक्यात नको. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि बंद गाडीत तेवढी उष्णता सहज होते. पिठात मिसळलेल्या चिप्स निभावतात.

चांदवा
ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालाव्यात का?

जाळीवर_गार
खाद्यपदार्थांसाठीची सिलिका पुडी, ३०० ग्रॅमला १ ते २ ग्रॅमची एक पुरे. पण लहान मुलं असलेल्या घरी ती पाकिटातली खाऊ समजून फोडली जाण्याची भीती असते. तिथे पुडी नको, त्यापेक्षा पाकीट नीट बंद करा. मलमलीत बांधलेले भाजलेले तांदूळ थोडंफार काम करतात, सिलिकाइतकं नाही. आणि पुडी फक्त हवाबंद गोष्टीत उपयोगाची. कागदी खोक्यात ठेवली तर ती खोलीतला ओलावा शोषत बसते.

सुतळीचा_तोडा
चिठ्ठी विसरू नका. प्रत्येक खोक्यावर पाच ओळी: नाव, भाजल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, जिन्नस, आणि गहू-दूध-काजू यांचा ठळक उल्लेख. काजूची पूड पिठात मिसळली तर दिसत नाही, म्हणून लिहिणं गरजेचं. चॉकलेट चिपमध्ये अंडं असेल तर ते मोठ्या अक्षरात लिहा आणि तो प्रकार वेगळ्या पाकिटात द्या. दिवाळीत अनेक घरांत हा प्रश्न असतो. आपल्याकडच्या अन्न-नियमांत अंडं मांसाहारात मोडतं. विकायच्या पाकिटावर त्यासाठी तपकिरी चौकटीतला त्रिकोण लागतो, शाकाहारीला हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. भेटीला हे बंधन नाही, पण विकायला सुरुवात केलीत तर अन्नसुरक्षा नोंदणी आधी करून घ्या.
शाईच्या पेनने लिहू नका, ओल्या बोटाने फराटा उठतो. पेन्सिल किंवा बॉलपेन.

रवाळ
नाचणीच्या पाकिटांना सीलिंग मशीन नाही घरी. २४ पाकिटांसाठी घ्यायचं जिवावर येतं.

काचबरणी
केस सरळ करायची इस्त्री चालते. पाकिटाच्या तोंडावर बटर पेपरची घडी ठेवा, ती इस्त्रीच्या दोन पट्ट्यांमध्ये धरून २ ते ३ सेकंद दाबा, सोडा, ५ सेकंद गार होऊ द्या, मग बोट लावा. घडी न ठेवता दाबलं तर प्लास्टिक पट्टीला चिकटतं. तोंडाशी कुकीचा भुगा किंवा तूप लागलेलं असेल तर सील धरत नाही, म्हणून भरताना तोंड बाहेर ३ सेंमी दुमडून ठेवा आणि शेवटी उलगडा. साधा बीओपीपी नीट चिकटत नाही, हीट-सील होणारी, म्हणजे उष्णतेने चिकटणारी पाकिटं मागा.
झाल्यावर पाकीट हलकेच दाबून पाण्याच्या वाटीत सीलची बाजू बुडवा. बुडबुडा आला तर त्याच्याखाली अर्धा सेंमी सोडून दुसरं सील. ही परीक्षा आधी रिकाम्या पाकिटावर करा.